मोठा रीमर मागवला, फिरला दोनच होलांत: एका पोर्टल शेडचं प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत बारा पोर्टल फ्रेमची, म्हणजे दोन उभे कॉलम आणि त्यांवर तिरके रॅफ्टर अशा बारा लोखंडी सांगाड्यांची, शेड उभी करायचं काम चालू होतं. कॉलम उभे होते, अँकर बोल्ट कसलेले होते, आणि पाऊस यायच्या आत छपराचे पत्रे चढवायचे म्हणून सगळ्यांची घाई. अशा वेळी फॅब्रिकेटरच्या फोरमनने एका कागदावर लिहून दिलं, "३३ मिमीचा रीमर पाहिजे, दहा जॉइंटची होलं मोठी करून एम ३० बोल्ट घालतो." रीमर म्हणजे पाडलेलं होल फिरवून मोठं आणि नेमकं करणारं कापायचं हत्यार, आणि एम ३० म्हणजे ३० मिमी व्यासाचा बोल्ट. दहा जॉइंट, प्रत्येकी सोळा बोल्ट. म्हणजे एकशे साठ होलं, आणि तीही जमिनीपासून सात मीटरवर.

शेवटी तो ३३ चा रीमर आला आणि दोन होलांत फिरला. उरलेल्या एकशे अठ्ठावन्न होलांचं काय झालं, ते खाली लिहिलं आहे. साइट इंजिनिअर म्हणून मी तिथे होतो. फर्मची नावं देत नाही, त्यांची इथे गरजही नाही.

जॉइंट कसा होता

रॅफ्टरच्या टोकाला २५ मिमी जाड एंड प्लेट वेल्ड केलेली. ती कॉलमच्या २० मिमी फ्लँजवर चपखल बसायची. म्हणजे बोल्टची पकड ४५ मिमी. एंड प्लेट ८०० लांब, २५० रुंद. दोन उभ्या रांगा, त्यांच्यात १४० मिमीचं अंतर. प्रत्येक रांगेत आठ होलं, पिच (एका होलापासून पुढच्या होलाचं अंतर) १००, वरखाली कडेपासून ५० मिमी. बोल्ट ८.८ ग्रेडचे एम २४, घर्षणावर पकडणारे एचएसएफजी. होल २६ मिमी. आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडच्या तक्त्यात एम २४ ला नेहमीची मोकळीक २ मिमीच दिली आहे, तेव्हा यात वावगं काही नव्हतं. चिकटणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर शॉट ब्लास्टिंग करून झिंक सिलिकेटचा रंग मारलेला.

कॉलम एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी ड्रिलवर झालेले. रॅफ्टर घाईमुळे दुसऱ्या एका युनिटला दिलेले, तिथे मार्किंग हाताने होतं.

पहिला रॅफ्टर क्रेनने वर गेला. खलाशांनी, म्हणजे वजनं चढवून जुळवणाऱ्या कामगारांनी, वरच्या ओळीत ड्रिफ्ट पिन (होलं जुळवायच्या निमुळत्या पिना) ठोकल्या आणि बोल्ट घातले. दुसरी ओळ सहज गेली, तिसरीही गेली. चौथीला बोल्ट हाताने फिरवून ढकलावा लागला. पाचवीत घण निघाला. सहावीत बोल्ट जाईना. आठव्या ओळीत डोळा लावून पाहिलं तर पलीकडचा उजेड गोल दिसत नव्हता, दोन्ही बाजूंनी चेपलेल्या डोळ्यासारखा दिसत होता. कॉलमचं होल वर, रॅफ्टरचं खाली.

फोरमनने तिथेच गॅस लावला. मी त्या वेळी शेडच्या दुसऱ्या टोकाला लेव्हल बघत होतो. कटिंगचा आवाज आणि ठिणग्या पाहून धावत आलो, तोवर खालच्या ओळीतली दोन्ही होलं "मोकळी" झाली होती. ती दोन होलं लक्षात ठेवा, आपण परत तिथेच येणार आहोत.

चूक मोजली तेव्हा

खाली जमिनीवर पडलेल्या रॅफ्टरच्या एंड प्लेट मोजायला घेतल्या. सुटे पिच मोजले तर टेप प्रत्येक ठिकाणी शंभरच म्हणत होती. तपासणीच्या रिपोर्टमध्येही पिचसमोर बरोबरच्या खुणा होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. साध्या टेपवर अर्धा मिलिमीटर कोण वाचतो? पण पहिल्या होलाच्या वरच्या कडेपासून आठव्या होलाच्या वरच्या कडेपर्यंत एकदम मोजलं तर ७०० च्या जागी ७०३.५ आलं. दुसऱ्या प्लेटवर ७०३.२. एका ठिकाणी तर ७०६.

मग कोडं सुटलं. मार्किंग करणाऱ्याने डिव्हायडर शंभरवर लावला, पहिल्या होलापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी पावलं टाकत तो गेला. डिव्हायडर अर्धा मिलिमीटर जास्त उघडलेला. सात पावलांत साडेतीन मिलिमीटर. एकाच डेटमपासून, म्हणजे एकाच ठरलेल्या आरंभापासून, १००, २००, ३०० असं वाढत्या मापाने मार्किंग केलं असतं तर टोकाच्या होलातही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चूक आली नसती. ड्रॉइंगवरही मापं साखळीसारखी एकापुढे एक दिलेली होती. तेव्हा सगळा दोष त्या मार्किंगवाल्यावर टाकता येत नाही.

चोवीस जॉइंटपैकी दहा असे निघाले. सातांमध्ये एकूण चूक ३.२ ते ३.८ मिमी. तीनांमध्ये सहाच्या आसपास. गॅस लागलेला जॉइंट या तीनांतलाच.

रीमर आणण्याआधीचा हिशोब

फोरमनचं गणित सरळ होतं. होल मोठं करा, बोल्ट मोठा घाला, काम पुढे न्या. पण २६ चं होल ३३ करून एम ३० घालणं म्हणजे जॉइंटचं डिझाइनच बदलणं. कडेचं अंतर घ्या. आयएस ८०० प्रमाणे कड रोल केलेली, करवतीने कापलेली किंवा मशीनच्या गॅस कटरने कापलेली असेल तर होलाच्या मध्यापासून कडेपर्यंत होलाच्या दीडपट अंतर लागतं. हाताने गॅस कट केलेली किंवा शिअर केलेली कड असेल तर १.७ पट. आमचं अंतर ५०. होल २६ असताना १.७ पट म्हणजे ४४.२, कड कशीही असो, चालतं. होल ३३ झालं की दीडपट म्हणजे ४९.५. मशीनची कड असेल तर अर्ध्या मिलिमीटरने पास. हाताची कड असेल तर ५६.१ लागतात, म्हणजे नापास. आणि एंड प्लेटच्या कडा पाहिल्या तर काही मशीनच्या, काहींवर हाताने धरलेल्या टॉर्चच्या लाटा स्पष्ट दिसत होत्या.

मधला मार्ग म्हणून एम २७ सुचवला गेला. त्याला होल ३० लागतं, मशीनच्या कडेला प्रश्न येत नाही, हाताच्या कडेला ५१ लागतात, म्हणजे एका मिलिमीटरने नापास. शिवाय एम २७ हे कमी खपणारं माप. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर आमच्या खरेदीवाल्याने दोन दिवस शोधाशोध केली. बोल्ट एका दुकानात, नट दुसऱ्या बनावटीचे, आणि कडक केलेले वॉशर कुठेच नाहीत. घर्षणाच्या बोल्टात बोल्ट, नट आणि वॉशर एका संचातले असायला हवेत. तो विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय: होल ३० करायचं, बोल्ट एम २४ च ठेवायचा. कोडमध्ये एम २४ साठी मोठ्या होलाची मोकळीक ६ मिमीपर्यंत दिलेली आहे, म्हणजे बरोबर ३०. मात्र घसरण रोखण्याच्या ताकदीला ०.८५ ने गुणावं लागतं. एका बोल्टचा हिशोब असा. ताणक्षेत्र ३५३ चौरस मिमी, त्यात ८.८ ग्रेडच्या ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीच्या ०.७ पट ताण धरला तर जवळपास १९८ किलोन्यूटन ओढ. झिंक सिलिकेटला घर्षणांक ०.३०, १.२५ च्या सुरक्षा गुणांकाने भागलं की एका बोल्टमागे साधारण ४७ किलोन्यूटन. मोठ्या होलात तेच ४० वर येतं. सोळापैकी चार होलं अशी झाली तर पूर्ण जॉइंटमध्ये चार टक्क्यांच्या आतच घट होते. वाईट नाही. पण वरच्या ओळींवर ताणही येतो, तिथे हा हिशोब इतका सुटसुटीत राहत नाही.

आम्ही हे सगळं कागदावर मांडून कन्सल्टंटला पाठवायच्या तयारीत होतो. तेवढ्यात खलाशांचे मुकादम, ज्यांना सगळी साइट मामा म्हणते, चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "साहेब, तुमी वरनं कशाला चालू करताय? मधनं धरा की."

मधून

मामांना आकडेमोड माहीत नव्हती, पण हात माहीत होता. रॅफ्टरची पावलं लांब पडलेली. वरची ओळ जुळवून सुरुवात केली की सगळी चूक ढकलत ढकलत खालच्या ओळीत जाऊन साचते, साडेतीन मिलिमीटर. पण चौथ्या-पाचव्या ओळीच्या मधोमध जुळवलं, म्हणजे रॅफ्टर पावणेदोन मिलिमीटर वर उचलून धरला, तर चूक वर-खाली अर्धी अर्धी वाटली जाते. टोकाला पावणेदोन. होलांचं मोकळं तोंड २६ वजा १.७५, म्हणजे २४.२५ मिमी. हातातल्या बोल्टचे शँक (दांडे) मायक्रोमीटरने मोजले, ते २३.७ ते २३.९ निघाले. बोल्ट जाणार!

रॅफ्टर दोन मिलिमीटर वर गेल्याने शेडला काही फरक पडत नाही. रिजच्या, म्हणजे छपराच्या शिखरावरच्या, जॉइंटलाही त्रास नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच वर धरता येतात. छपराच्या पत्र्याखालची पर्लिन बसवताना याहून जास्त खालीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेन कुप्पी (हाताने ओढायच्या साखळीचा पुली ब्लॉक) लावून रॅफ्टर झुलता ठेवला. चौथ्या आणि पाचव्या ओळीत ड्रिफ्ट पिन, पण ठोकून नव्हे, नुसत्या बसवलेल्या. मग बोल्ट मधून सुरू करून टोकांकडे घालत गेलो. सात जॉइंट दोन दिवसांत लागले. टोकाच्या ओळीत बोल्ट फिरवून घालावा लागला, काही ठिकाणी लाकडाचा ठोकळा धरून हलकी टिचकी द्यावी लागली. रीमर नाही, घण नाही, गॅस नाही. मी मामांना विचारलं की हे त्यांना कुठे कळलं. ते म्हणाले, "पुलावर."

पुलाच्या कामातल्या माणसाकडून हे यावं यात नवल नाही. जो लांब, टोकाला निमुळता रीमर आपण वापरतो त्याला इंग्रजीतही ब्रिज रीमरच म्हणतात. रिव्हेटच्या काळात होलं मुद्दाम थोडी लहान पाडायचे, तुकडे साइटवर एकत्र आवळायचे, आणि मग एकत्रच रीमरने पूर्ण मापाला आणायचे. म्हणजे रीमर ही तिथे चुकीची दुरुस्ती नव्हती, कामाची ठरलेली पायरी होती. याच्या दुसऱ्या टोकाला आयफेल टॉवर. १८८७ ते १८८९ या काळात १८,०३८ तुकडे आणि पंचवीस लाख रिव्हेट, आणि जो तुकडा जुळला नाही तो साइटवर कापायचा नाही, लव्हॅलवा-पेरेच्या कारखान्यात परत पाठवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. कारखाना गावाला लागून असला की शिस्त पाळायला सोपी जाते, हेही खरं.

सहा मिलिमीटरवाले

उरलेल्या तीन जॉइंटमध्ये मधून धरूनही टोकाला तीन मिलिमीटर उरत होते. त्याच्या आतल्या ओळीत २.१. म्हणजे प्रत्येक जॉइंटला चार होलं खरोखर अडणारी, आणि चार केसाएवढी अडणारी.

इथे पुन्हा ३० च्या रीमरची भाषा सुरू झाली. मी कन्सल्टंटना दुसरा प्रश्न विचारला. होल ३० चं गोल करायच्याऐवजी २६ चाच रीमर मधोमध फिरवला तर काय होईल? तीन मिलिमीटर सरकलेल्या दोन होलांच्या मधोमध २६ चा रीमर गेला की प्रत्येक प्लेटमधून एकाच बाजूने दीड मिलिमीटर धातू जातो. होल २६ रुंद आणि साडेसत्तावीस उंच होतं, किंचित लांबट. आरपार रस्ता पूर्ण २६ चा मिळतो. कन्सल्टंटनी ते आखूड स्लॉट, म्हणजे थोडंसं लांबट होल, समजून तपासलं. आखूड स्लॉटलाही ०.८५ चाच गुणक आहे. मग तेवढीच घट सोसून ३० चं होल कशाला करायचं? धातू जितका कमी जाईल तितकी वॉशरखाली बैठक जास्त राहते. लांबट होलं वॉशरखाली पूर्ण झाकली जावीत म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना ८ मिमी जाडीच्या प्लेट वॉशर मागितल्या, त्या साइटवरच कापल्या.

गॅसवाला जॉइंट सोडून दोन जॉइंट, सोळा होलं, २६ चा निमुळता रीमर आणि मोर्स टेपर तीनचं हातातलं ड्रिल (मोर्स टेपर म्हणजे हत्याराचं निमुळतं टोक मशीनमध्ये बसतं त्याचं ठरलेलं माप). एका दिवसाचं काम. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. एकच सांगतो. अशा होलात रीमर दोन्ही प्लेट एका बाजूने कापत नाही. अलीकडच्या प्लेटमध्ये तो वरून चंद्रकोर काढतो, पलीकडच्या प्लेटमध्ये खालून. दोन प्लेटच्या सांध्यावर पोचला की त्याला तिरपं व्हायची ओढ लागते. त्याच क्षणी मशीन हात पिळतं. म्हणून ड्रिलच्या बाजूच्या हँडलला पाइप घालून तो रॅफ्टरच्या फ्लँजवर टेकवला होता. पीळ फ्लँजने खाल्ला, मनगटाने नाही.

ती दोन होलं

आता गॅसने फोडलेली होलं. रॅफ्टर खाली उतरवला. एंड प्लेटचं होल खालच्या अंगाला फाटून ३५ पर्यंत गेलेलं, आत खाचा, कडेला वितळून गोठलेले मणी. एंड प्लेट बदलायची हे ठरलंच. जुनी कापून नवी, मशीनच्या कडांची, जमिनीवर वेल्ड करायची. ते काम महाग असलं तरी सरळ होतं.

पण ज्वाला आरपार गेली होती. कॉलमच्या फ्लँजमधलं होलही ओरबाडलं होतं, आणि कॉलम काढता येत नव्हता. कागद दाबून पेन्सिलने घासून ठसा घेतला. मूळ २६ चा गोल वरच्या बाजूने शाबूत, खाली जीभ बाहेर काढल्यासारखा. उंची ३१, रुंदी २९ च्या आसपास. आत काळी, काचेसारखी चकाकणारी पापडी. आजूबाजूचं झिंक सिलिकेट जळून पांढरं पडलेलं.

हे होल झाकायला किती व्यासाचा गोल लागेल? ठशावर पट्टी ठेवून पाहिलं. वरची कड मूळ मध्यापासून १३ वर, खालची १८ खाली. मध्य अडीच मिलिमीटर खाली सरकवून ३३ चा गोल काढला तर दोन्हीकडे एकेक मिलिमीटर ताजा धातू कापला जातो. तीसच्या गोलात हे बसत नव्हतं. म्हणून इथे, आणि फक्त इथे, ३३ चा रीमर आणि एम ३० बोल्ट. कन्सल्टंटने मान्यता दिली, अटी दोन: नव्या एंड प्लेटची कड मशीनची हवी आणि खालचं अंतर वाढवून ५५ करायचं. कॉलमचा फ्लँज ३०० रुंद, तिथे कडेला ८० मिमी होते.

नव्या एंड प्लेटचं मार्किंग ड्रॉइंगवरून केलंच नाही. दोन मिलिमीटर पत्र्याचं टेंप्लेट वर नेऊन कॉलमवर धरलं, चौदा चांगली होलं आतून आखून घेतली, आणि खालच्या दोन होलांचे नवे मध्य ठशावरून पंच केले. त्या पत्र्यावरून प्लेटला चौदा होलं २६ ची पाडली. खालची दोनही २६ चीच ठेवली. ३३ ला न्यायचं ते कॉलमला बोल्ट लावल्यावर, दोन्ही प्लेट एकत्र.

रीमर आला तेव्हा आणखी एक घोळ निघाला. त्याची शँक (मशीनमध्ये बसणारं टोक) मोर्स टेपर चारची, आमच्या मॅग्नेट ड्रिलचं, म्हणजे विजेच्या चुंबकाने लोखंडाला चिकटणाऱ्या ड्रिलचं, स्पिंडल तीनचं. स्लीव्ह लहान शँक मोठ्या स्पिंडलात बसवायला असते, उलटं जमत नाही. हातातल्या ड्रिलवर ३३ चा रीमर फिरवायला मी तयार नव्हतो. शेवटी चारच्या स्पिंडलचं जड मॅग्नेट मशीन भाड्याने आणलं, दीड दिवस त्यात गेला. मागवताना व्यास लिहितात, शँक लिहायची राहते.

मशीन बसवायचं कुठे? कॉलमच्या आतून मशीन आणि रीमर मिळून लांबी फ्लँजांच्या मधल्या ५६० मिमीत मावेना. रॅफ्टरच्या बाजूने एंड प्लेटवर मॅग्नेटला सपाट जागा नव्हती, शेजारच्या ओळीत बोल्टची डोकी. मग मॅग्नेट एंड प्लेटच्या खाली, सरळ कॉलमच्या फ्लँजवर लावला. जागेवरचा रंग खरवडून उघडं लोखंड केलं, कारण रंगाच्या थरावर मॅग्नेटची पकड झपाट्याने कमी होते. स्पिंडल वरच्या अंगाला, अगदी खालच्या ओळीसमोर आलं. साखळी बांधली. उभ्या भिंतीला चिकटलेलं मशीन वीज गेली की चिकटलेलं राहत नाही. जनरेटर एकच, त्यावर वेल्डिंगही चालू होतं. पहिल्याच चाचणीत कोणीतरी खाली आर्क मारला, दिवा मंद झाला आणि मॅग्नेटचा गुंजारव बदललेला मी स्वतः ऐकला. वेल्डिंग थांबवलं, मशीनला वेगळी लाइन दिली.

कापायच्या आधी छोट्या ग्राइंडरने ती काळी पापडी उतरवली. ज्वालेने कापलेल्या कडेवरची ऑक्साइडची कातडी रीमरच्या हायस्पीड स्टीलच्या धारेला वाळूसारखी खाते, आणि पहिल्या होलातच धार गेली तर दुसऱ्याला काय वापरणार?

वेग: ३३ व्यासाला मिनिटाला आठ-दहा मीटर धरले तर फेरे ८० ते ९५. मशीन सगळ्यात खालच्या गिअरला होतं. एका फेऱ्यात ०.३ मिमी पुढे सरकलं आणि प्रत्येक बाजूने साडेतीन मिलिमीटर कापायचे, असा हिशोब केला तर पीळ चाळीस न्यूटन मीटरच्या आसपास येतो. अर्धा मीटर लांब हँडलवर तो जेमतेम आठ किलोचा जोर. ऐकायला किरकोळ. पण हे तो चालतो तेव्हाचं. तो अडकला की मोटरची पूर्ण ताकद आणि फिरणाऱ्या गिअरचा झटका एकदम हातात येतो. हातातल्या ड्रिलला मी नाही म्हटलं ते यामुळे.

निमुळता भाग एकास दहा या चढाचा. म्हणजे २६ पासून ३३ व्हायला सत्तर मिलिमीटर लांबी जाते, वर प्लेटची ४५. एकशे पंधरा मिलिमीटर आत गेल्याशिवाय होल पूर्ण होत नाही, तेव्हा पलीकडे तेवढी मोकळी जागा आहे ना हे आधी बघावं लागतं. धारा डावीकडे वळलेल्या, फिरायचं मात्र उजवीकडे. हा पेच जाणूनबुजून ठेवलेला आहे. उजव्या वळणाचा रीमर निमुळत्या होलात स्क्रूसारखा स्वतःच आत ओढला जातो आणि चावतो. डाव्या वळणाचा बाहेर ढकलला जातो. म्हणून त्याला सतत दाबावं लागतं, आणि तेच बरं.

तेल वापरलं नाही. दोन प्लेटच्या मध्ये तेल शिरलं की आपण धरलेला ०.३० घर्षणांक कागदावरच राहतो. साबणाचं पाणी फवारत गेलो. पहिल्या होलात सुरुवातीला गोल वळलेली चिप एंड प्लेटमधून येत होती, चांगली रुपेरी चकाकीची. कॉलमपर्यंत पोचल्यावर ती तुटून अर्धवट तुकडे आले, कारण तिथे धातू सगळीकडे सारखा नव्हता. आवाजही बदलला, करकर. फीड कमी केलं. मशीन हललं नाही. साडेआठ मिनिटं लागली. दुसऱ्याला सात.

लेथवर ३२.९ ची पिन करून घेतली होती, ती दोन्ही होलांतून हाताने आरपार गेली.

मग बोल्ट घालायची सगळ्यांना घाई. पण अजून एक काम बाकी होतं, आणि ते मला करवून घ्यावं लागलं. दोन प्लेट एकत्र कापल्या की सांध्यावर बर, म्हणजे धातूची धारदार उठलेली कड, तयार होतो. दोन्हीकडून उठलेला बर प्लेटला एकमेकींपासून दूर धरतो. बाहेरून जॉइंट कसलेला दिसतो, आत पोकळी. चेन कुप्पीने रॅफ्टर वीस मिलिमीटर मागे घेतला, आत टॉर्च मारली. एंड प्लेटच्या बाजूला वाटीच्या कडेसारखा बर, बोटाला लागण्याएवढा. आणि तीन चिपा सांध्यात अडकलेल्या. कानशीने बर काढला, पृष्ठभाग कोरडे पुसले, जळलेला भाग ब्रशने साफ केला, आणि परत जुळवलं. यासाठी क्रेन दोन तास उभी राहिली. फॅब्रिकेटरने ते तास आपल्या खात्यावर घेतले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

एम ३० कसताना शेवटची अडचण. त्याची ओढ ३१४ किलोन्यूटन, एम २४ ची १९८. टॉर्कचा गुणांक ०.२ धरला तर एम २४ ला साडेनऊशे न्यूटन मीटर, एम ३० ला जवळपास एकोणीसशे. आमचा टॉर्क पाना हजारावर संपतो. गिअरचा टॉर्क गुणक भाड्याने आणावा लागला. त्या दोन बोल्टच्या डोक्यावर पिवळा रंग मारला, म्हणजे पुढे देखभालीला येणारा माणूस एम २४ चा पाना लावून गोंधळणार नाही. तसं ॲज-बिल्ट ड्रॉइंगवरही (प्रत्यक्षात जसं बांधलं त्याच्या ड्रॉइंगवर) लिहिलं, जॉइंटच्या नंबरासकट.

बारावा रॅफ्टर बसला आणि उरलेल्यांतल्या तेराव्याची पाळी आली. मामांनी तो चढवायच्या आधी टेप काढली, एक टोक पहिल्या होलाच्या वरच्या कडेला धरलं, दुसरं आठव्याच्या. हेल्परला ओरडून विचारलं, "किती?"

"सातशे, मामा."

"चढवा."

रीमर गोणपाटात गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवला आहे. त्याच्या पेटीवर आता मार्करने लिहिलं आहे: व्यास ३३, शँक चार.